मोटारीचा लगाम : ब्रेक-पॅडचे प्रकार व त्यांची निगा

मोटार कशी धांवते, याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळ बोललें जातें. कोणती गाडी एका लिटरांत किती किलोमीटर जाते, कोणाचें एंजिन शांत, कोणाची बैठक ऐसपैस, यांवर जेवणाच्या पंगतींत दोन पक्ष पडतात व वादहि रंगतो. परंतु तीच गाडी थांबते कशानें, असा प्रश्न त्या पंगतींत कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. वास्तविक गाडी एखाद्या सकाळीं सुरूच झाली नाहीं, तर फार तर आपला एक दिवस फुकट जातो. ती थांबावयाच्या वेळीं थांबली नाहीं, तर काय जातें हें सांगावयास नको.

भाद्रपदांत गणपतीसाठीं कोंकणांत उतरणारी एखादी गाडी डोळ्यांपुढें आणावी. पुढें घरांतील कर्ता पुरुष किंवा सूनबाई चालवीत आहे, मागें आजी व दोन नातवंडें आहेत, सामानाच्या जागेंत ट्रंका व फराळाचे डबे आहेत, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि रस्ता वळणावळणांनीं खालीं जात आहे. या सर्व जिवांचा भरंवसा त्या वेळीं पुढच्या दोन चाकांत बसविलेल्या चार लहान तुकड्यांवर मुख्यत्वेंकरून असतो. प्रत्येक तुकडा आपल्या हाताच्या चार बोटांवर मावेल एवढाच. त्यांसच ब्रेक-पॅड म्हणतात. त्यांची ओळख घरांतील प्रत्येक चालविणाऱ्यास असावी, एवढ्याच हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

गति जाते कोठें?

पदार्थविज्ञानाचा नियम असा, कीं शक्ति नाहींशी होत नाहीं. ती केवळ रूप पालटते. धांवत्या गाडीच्या अंगीं असलेली शक्ति ब्रेक दाबतांच उष्णतेचें रूप घेते. माणसांसह बाराशें किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां एकदा पूर्ण थांबविली, तर जी उष्णता उत्पन्न होते, तींत सुमारें अर्धा लिटर पाणी उकळीस येईल. म्हणजे चौकांतील एकेका लाल दिव्यापाशीं आपण घरांतील चार माणसांच्या चहाचें आधण ठेवितों, असें म्हणावयास हरकत नाहीं. शिवाय ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट केला तर ब्रेकांवरील काम दुप्पट न होतां चौपट होतें. ताशीं १०० किलोमीटरांनीं जाणाऱ्यानें, आपण पन्नासानें जाणाऱ्याच्या मानानें चौपट उष्णता जिरविण्याची मागणी त्या चार तुकड्यांकडे करीत आहों, हें ध्यानांत बाळगावें.

हें काम घडतें कसें, तें समजण्यास देवघरांतील सहाण पुरेशी आहे. सहाणेवर चंदनाचें खोड घासतांना खोड झिजतें, सहाण बहुधा तशीच राहते. पण वर्षानुवर्षांनीं तिलाहि खोलगटपणा येतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, जिला डिस्क म्हणतात, ती आपली सहाण. आणि तिच्या दोहों बाजूंनीं चिमटा घेणारे दोन पॅड हीं आपलीं खोडें. पाय ब्रेकवर पडला, कीं नळ्यांतील ब्रेक ऑइलावर दाब येतो, तो दाब कॅलिपर नांवाच्या चिमट्यांतील दट्ट्या पुढें ढकलतो व पॅड डिस्कवर आंवळले जातात. फरक एवढाच, कीं सहाण स्थिर असते व येथें सहाणच फिरते. पॅड झिजावा हें त्याचें कर्तव्यच आहे. तो झिजला म्हणून तक्रार करूं नये, वेळेवर बदलला नाहीं म्हणून करावी.

पुष्कळशा लहान गाड्यांच्या मागील चाकांत मात्र डिस्क नसून ड्रम असतो. त्यांत पॅडाऐवजीं अर्धचंद्राकृति शू असतात व ते ड्रमाच्या आंतील बाजूवर दाबले जातात. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो व थांबविण्याचें अधिक काम पुढच्या चाकांस करावें लागतें. म्हणून चांगली यंत्रणा प्रथम पुढें दिलेली असते आणि पुढचे पॅडच आधीं झिजतात.

चामड्याच्या तुकड्यापासून आजवर

या वस्तूचा जन्म एका गृहिणीच्या प्रवासांत झाला, ही गोष्ट आमच्या भगिनींस विशेष वाटेल. १८८८ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील बर्था बेंझ ही स्त्री, नवऱ्यानें बनविलेली मोटार घेऊन व त्यास न सांगतां, आपल्या दोघां मुलांसह मानहाइमहून फॉर्ट्सहाइम या माहेरच्या गांवीं निघाली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. मोटारीनें केलेला हा पहिलाच लांबचा प्रवास गणला जातो. वाटेंत उतारांवर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजूं लागले, तेव्हां तिनें एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच.

पुढें इंग्लंडांतील हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ च्या सुमारास घर्षणाच्या अस्तराचा खास धंदाच उभारला. डिस्क ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ मध्यें घेतलें. परंतु त्याची थोरवी सर्वांस पटावयास १९५३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीनें बाजी मारली. १९५५ च्या सित्रोएन डी. एस्. या गाडीनें ते पुढच्या चाकांसाठीं घरगुती मोटारींत आणले.

मध्यंतरींच्या कित्येक दशकांत अस्तरासाठीं अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरला जाई, कारण तो उष्णतेस दाद देत नसे. पण त्याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनीं दुर्धर रोग उत्पन्न करतात, असें सिद्ध झालें. ब्रिटननें १९९९ मध्यें व युरोपीय संघानें २००५ पासून त्यास मज्जाव केला. त्याची जागा घेण्यासाठीं जे शोध लागले, त्यांतूनच आजचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले आहेत.

पॅडचे प्रकार

कोणताहि पॅड म्हणजे एका पोलादी पट्टीवर उष्णतेनें व दाबानें बसविलेलें एक मिश्रण होय. त्यांत बहुधा फिनॉलिक राळ हें बांधून ठेवणारें द्रव्य, बळकटीसाठीं तंतु, घर्षण वाढविणारीं व तें आटोक्यांत ठेवणारीं द्रव्यें, आणि बाकीची भर, अशा चार गोष्टी असतात. आपल्या घरच्या मसाल्याप्रमाणेंच प्रत्येक कारखान्याचें प्रमाण निराळें व गुप्त असतें. तरी स्थूलमानानें चार जाती ध्यानांत ठेवाव्या.

पहिली जात ऑर्गॅनिक. हिच्यांत कांचेचे किंवा अ‍ॅरामिडचे तंतु, रबर, वनस्पतिजन्य धागे वगैरे असतात. हा पॅड मऊ व शांत. डिस्कला तो फारसा दुखवीत नाहीं व किंमतीनेंहि बेताचा. परंतु तो लवकर झिजतो आणि फार तापला तर त्याची पकड सैल होते. गांवांतल्या गांवांत, सावकाश फिरणाऱ्या गाडीस हा पुरेसा होतो.

दुसरी जात सेमी-मेटॅलिक, म्हणजे अर्धधातुमय. वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के भाग पोलादाचे तंतु, लोखंडाचा भुगा व तत्सम धातूंचा असतो. त्यांत ग्राफाइटहि मिसळतात. उष्णता सहन करण्यांत व ती वाहून नेण्यांत हा पटाईत. म्हणून घाट, बोजा व वेग यांस योग्य. पण थंड असतांना त्याची पहिली पकड किंचित् कमी, आवाज अधिक व डिस्कची झीजहि अधिक.

तिसरी जात लो-मेटॅलिक. ऑर्गॅनिक मिश्रणांतच १० ते ३० टक्के धातु घालून ही तयार होते. पकड उत्तम, पण चाकांवर काळी पूड फार सांचते.

चौथी सिरॅमिक. चिनी मातीच्या जातीचे कठीण तंतु व भर यांचा हा पॅड शांत असतो, पुष्कळ दिवस टिकतो व त्याची पूड फिकट असल्यानें चाकें काळवंडत नाहींत. मात्र किंमत सर्वांत जास्त. शिवाय तो उष्णता मागें कमी वाहूं देतो, त्यामुळें ती डिस्कमध्येंच अधिक राहते. महाग म्हणून तो प्रत्येक कामास श्रेष्ठ, ही समजूत बरोबर नव्हे. शर्यतीच्या व अतिश्रीमंती गाड्यांतील कार्बन-सिरॅमिक डिस्क ही वस्तु अगदींच निराळी असून तिचा याशीं घोटाळा करूं नये.

या पुडीचा विचार आतां सरकारांनाहि करावा लागत आहे. पॅडांतील तांबें झिजून पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जातें व मासे आणि इतर जलचर यांस बाधतें, असें आढळल्यावरून अमेरिकेंतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनीं २०१० मध्यें त्यावर कायद्यानें मर्यादा घातली. युरोपीय संघानेंहि २०२४ मध्यें मंजूर केलेल्या यूरो ७ नियमांत, धुराबरोबरच ब्रेकच्या धुळीसहि प्रथमच माप लावलें आहे.

निवड कशी करावी?

सामान्य कुटुंबास आमची सल्ला एकच : गाडीच्या कारखान्यानें जो प्रकार ठरवून दिला असेल, तोच घ्यावा. त्या गाडीचें वजन, डिस्कचें माप व पायाखालील दाब यांचा मेळ त्यानें आधींच घातलेला असतो. पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर पुष्कळदां कांहीं अक्षरें छापलेलीं असतात, त्यांतील शेवटचीं दोन इंग्रजी अक्षरें वाचण्यास शिकावें. पहिलें अक्षर पॅड साधारण ऊन असतांनाचें घर्षण सांगतें, दुसरें तो खूप तापल्यावरचें. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ्’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ व ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरें अक्षर पहिल्याहून उतरत्या पायरीचें असेल, तर तापल्यावर त्या पॅडची पकड कमी होते असें समजावें. हीं अक्षरें केवळ पकड सांगतात. टिकाऊपणाविषयीं तीं मुकीं असतात.

स्वस्ताईच्या मोहानें बिनपावतीचा माल घेऊं नये. नांवाजलेल्या छापाच्या हुबेहूब डबींत हलका माल भरून विकण्याचा प्रकार बाजारांत आहे. डबीवरील क्रमांक गाडीच्या पुस्तकांतील क्रमांकाशीं ताडून पाहावा, अ‍ॅस्बेस्टॉसरहित असा उल्लेख पाहावा आणि पक्की पावती घ्यावी. पॅड नेहमीं जोडीनें, म्हणजे एका आसावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. एकीकडे नवा व दुसरीकडे जुना असला, तर ऐन वेळीं गाडी एका अंगास ओढते.

दुखण्याचीं लक्षणें

शरीराप्रमाणेंच ब्रेकचें दुखणेंहि आधीं सूचना देतें. ऐकणारा कान मात्र पाहिजे. ब्रेक दाबतांना बारीक शिटीसारखा किंचाळणारा आवाज सतत येऊं लागला, तर पॅडला लावलेली पातळ पोलादी जीभ डिस्कला लागूं लागली असण्याचा संभव असतो. अस्तर संपत आल्याची ती दवंडीच होय. खरखर, दगडावर लोखंड घासल्यासारखी, ऐकूं आली तर अस्तर संपून पोलादी पट्टीच डिस्कवर घासत आहे. मग एक दिवसहि दवडूं नये. पायाखालीं थरथर जाणवली तर डिस्कची जाडी असमान झाली असावी. गाडी एका बाजूस ओढत असेल तर कॅलिपर अडकला आहे किंवा पॅडवर तेल-वंगण पडलें आहे. पाय स्पंजावर पडल्यासारखा आंत जात असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे.

नव्या पॅडचें अस्तर बहुधा १० ते १२ मिलिमीटर जाड असतें. तें ३ मिलिमीटरांवर आलें, कीं बदलण्याची वेळ झाली. किलोमीटरांच्या हिशेबावर सर्वस्वीं विसंबूं नये. शहरांतील गर्दींत पॅड जितके झिजतात, तितके मोकळ्या रस्त्यावर झिजत नाहींत. कांहीं चाकांच्या फटींतून विजेरीनें बाहेरचा पॅड दिसतो, पण आंतला बहुधा दिसत नाहीं आणि कित्येकदां तोच अधिक झिजलेला असतो. म्हणून चाक उतरवूनच पाहणी व्हावी. डिस्कचीहि किमान जाडी तिच्यावर कोरलेली असते. तिच्याखालीं ती गेली, तर नव्या पॅडचा उपयोग नाहीं.

निगा व वापर

नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक चार-सहा वेळां दाबून तो घट्ट लागतो ना, हें अवश्य पाहावें. कारण पॅड बदलतांना दट्ट्या मागें ढकललेल्या असतात व पहिल्या दाबास पाय थेट तळाशीं जातो. नंतरचे पहिले दोन-तीनशें किलोमीटर बेतानें, अंतर राखून, हलके ब्रेक लावीत जावें. बिडाचा नवा तवा पहिल्या दिवशीं घावन नीट सोडीत नाहीं. चार दिवस तेल-उष्णता खाऊन तो वापरास येतो. त्याप्रमाणेंच पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढल्यावांचून पूर्ण पकड येत नाहीं.

आतां घाटाविषयीं. लोणावळ्याहून खोपोलीकडे येतांना गाडी पांचशें मीटरांहून अधिक खालीं उतरते. बाराशें किलोच्या गाडीची पांचशें मीटर उतरण्याची शक्ति सर्वच्या सर्व ब्रेकांनीं जिरवावयाची म्हटली, तर साठाच्या वेगावरून गाडी पस्तीस वेळां लागोपाठ थांबविण्याइतकें तें काम होतें. त्या उष्णतेवर वीस लिटर पाणी उकळेल. पॅड असे तापले, कीं राळेंतून वायु सुटतो, पकड सुटत जाते व पाय कितीहि जोरानें दाबला तरी गाडी ऐकत नाहीं. हा प्रसंग टाळण्याचा उपाय जुने ड्रायव्हर जाणत : ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग पुष्कळसा भार एंजिनच पेलतें. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींतहि खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. ब्रेकवर पाय ठेवून बसूं नये. वेग वाढला कीं निश्चयानें दाबावा, उतरला कीं सोडावा, म्हणजे मधल्या अवकाशांत वारा लागून डिस्क निवते. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें किंवा एंजिन बंद करून घाट उतरणें हा तर आत्मघात होय. एंजिन बंद असतां ब्रेकला मिळणारें साहाय्य दोन-तीन दाबांतच संपतें व पाय दगडासारखा अडतो. करपल्याचा वास आला, तर सुरक्षित जागीं गाडी उभी करून डिस्क आपोआप निवूं द्यावी; तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतूं नये, ती वांकण्याचा किंवा तडकण्याचा संभव असतो.

ब्रेक ऑइलाची गोष्ट निराळीच आहे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें ऑइल किमान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा नियम आहे; पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत तें उकळलें, तर नळींत वाफ होऊन ब्रेक एकाएकीं पोकळ लागतो. म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें संपूर्ण बदलावें. डबींतील पातळी हळूहळू उतरत असेल, तर केवळ वर ओतून समाधान मानूं नये. पॅड झिजल्याचें किंवा गळती असल्याचें तें लक्षण आहे.

पावसाळ्यांत दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो व पहिल्या कांहीं ब्रेकांना खरखर ऐकूं येते. ती लगेच थांबली तर भिण्याचें कारण नाहीं. खोल पाण्यांतून गाडी काढल्यावर सावकाश चालवीत एक-दोनदां ब्रेक हलके दाबावे, म्हणजे ते कोरडे होतात. गाडी बरेच दिवस सपाट जागीं उभी ठेवावयाची असेल, तर हँडब्रेक ओढून न ठेवतां ती गिअरमध्यें ठेवून चाकांना दगड लावावा. नाहींतर ओलाव्यानें शू ड्रमाला चिकटतात. वर्षांतून एकदां कॅलिपरच्या सरकत्या खिळ्यांना त्यासाठींचें खास वंगण लावून घ्यावें. चाकांतील पूड तोंडानें किंवा हवेच्या झोतानें कधींहि उडवूं देऊं नये. ती ओल्या फडक्यानें पुसावी व मिस्त्रीलाहि तसेंच सांगावें. ती पूड त्याच्याच छातींत जाते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करतांना मोटरच वीज परत बॅटरींत भरते, त्यामुळें पॅड पुष्कळ काळ टिकतात. पण कमी वापरामुळेंच त्यांच्या डिस्कला गंज धरतो, म्हणून पाहणी तेथेंहि चुकवूं नये. शिवाय बॅटरी पूर्ण भरलेली असली तर वीज परत घेण्यास जागा उरत नाहीं. घाटमाथ्यावरच बॅटरी शीग लावून उतारास निघणाऱ्यानें हें विसरूं नये.

शेवटीं एक घरगुती गोष्ट. एकत्र कुटुंबांत गाडी एक व चालविणारे चार असतात. थोरल्या भावास वाटतें धाकट्यानें पाहिलें असेल, धाकट्यास वाटतें पुतण्या कालच गॅरेजांत गेला होता. आणि शिटीसारखा आवाज चौघांच्याहि कानांवर पडून कोणीच तो आपला मानीत नाहीं. किराणा व दुधाचा हिशेब ज्या घरांत लिहिला जातो, तेथें गाडीची एक लहान वही ठेवणें जड नाहीं. पॅडची जाडी, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख व कानीं पडलेला प्रत्येक नवा आवाज तींत लिहावा, आणि वहीची जबाबदारी कोणा एकाच व्यक्तीवर, नांव घेऊन, सोंपवावी. दसऱ्यास आपण वाहनाची पूजा करून त्यास झेंडूची माळ घालतों. त्याच्या आदल्या आठवड्यांत एकदां, आणि गणपतीस निघण्यापूर्वीं एकदां, चाकें उतरवून पॅड पाहून घ्यावे. आजी मागच्या बैठकींत डोळे मिटून बसते, ती चालविणाऱ्यावर विश्वास टाकून. त्या विश्वासास पात्र होण्याची किंमत वर्षांतून दोन दुपारींहून अधिक नाहीं.